पूररेषा आणि घराचा विमा : खान्देशातल्या घरमालकांनी काय माहिती ठेवावी

पाऊस चांगला लागला की धुळ्यात पांझरेच्या पुलावर गर्दी होते. माणसं मोबाइल काढून पाण्याचे व्हिडिओ घेतात. जळगाव जिल्ह्यात तसंच ‘हतनूरचे दरवाजे उघडले’ ही बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि संध्याकाळपर्यंत विसरली जाते. पण आपलं घर त्या पाण्यापासून किती लांब आहे, कागदावर ते कुठल्या रेषेच्या आत येतं आणि उद्या पाणी घरात शिरलं तर भरपाई कोण देईल, हे विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. प्लॉट घेताना आपण रस्ता बघतो, मस्जिद किती जवळ आहे, शाळा कुठे आहे ते बघतो. पूररेषा कोणी बघत नाही.

आपल्या नद्या कशा येतात

खान्देशातल्या बऱ्याच नद्या वर्षातले आठ महिने कोरड्या किंवा नालीसारख्या दिसतात, आणि त्यामुळेच माणूस फसतो. पांझरा साक्री तालुक्याच्या डोंगरातून येते. तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर लाटीपाडा, मालनगाव, जामखेली ही धरणं आहेत आणि धुळ्याच्या वरच्या अंगाला अक्कलपाडा आहे. वरची धरणं भरलेली असताना साक्रीत जोराचा पाऊस झाला की ते पाणी खाली सोडावंच लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये हेच झालं आणि धुळे शहरात पांझरेनं काठ सोडला. ही काही पहिली वेळ नव्हती. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये १८७२ साली धुळ्यात आलेल्या मोठ्या पुराची आणि घरांच्या नुकसानीची नोंद आहे. त्या वेळी वर एकही मोठं धरण नव्हतं. म्हणजे नुसतं धरणाला दोष देऊन चालत नाही.

चाळीसगावची गोष्ट आणखी ताजी आहे. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री पाटणादेवी आणि कन्नड घाटाच्या डोंगरात अतिवृष्टी झाली आणि ३१ तारखेच्या पहाटे तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकदम शहरात शिरल्या. या दोन्ही नद्या चाळीसगावातच एकत्र येतात. दुकानं, घरं पाण्यात गेली, आसपासच्या गावांतली जनावरं वाहून गेली आणि घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूरला रंगावलीनं असंच केलं होतं. डोंगर जवळ, नदी छोटी, उतार जास्त, त्यामुळे पाणी काही तासांत येतं आणि काही तासांत जातं. सामान हलवायला वेळ मिळत नाही.

तापीचा स्वभाव वेगळा आहे. ती मोठी नदी, तिचं पाणी लांबून येतं. चांगदेवजवळ पूर्णा तिला मिळते आणि पुढे ४१ दरवाजांचं हतनूर धरण लागतं. इथे इशारा मिळायला थोडा वेळ असतो. पण तापीचं पाणी काय करू शकतं ते सुरतमध्ये नातेवाईक असलेल्यांना विचारा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरतचा मोठा भाग बुडाला. आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांचे भाऊ, जावई तिथे अडकले होते.

जळगाव शहराच्या मधून मोठी नदी जात नाही. गिरणा बाहेरून जाते. म्हणून जळगावकर निश्चिंत असतात. पण शहरात पाणी शिरतं ते नाल्यांतून. लेंडी नाल्यासारखे नाले दोन्ही बाजूंनी दाबले गेले, त्यावर स्लॅब पडले, कचरा अडकला की एका तासाच्या पावसात पाणी ओट्यावर येतं. धुळ्यातल्या नाल्यांचंही तेच. पूररेषेचे नकाशे मुख्यतः नद्यांचे असतात. तुमच्या गल्लीतला नाला त्यात नसेल, म्हणून धोका नाही असं होत नाही.

निळी रेषा, लाल रेषा

महाराष्ट्रात पूररेषा आखायचं काम जलसंपदा विभागाचं. त्याविषयीचं परिपत्रक १९८९ चं आहे, नंतर त्यात सुधारणा झाल्या. केंद्र सरकारनं १९७५ मध्येच पूरक्षेत्राच्या कायद्याचा नमुना राज्यांना पाठवला होता. मोजक्या राज्यांनी तसा कायदा केला. आपल्याकडे वेगळा कायदा नाही, परिपत्रकं आणि बांधकाम नियमावली यांवर काम चालतं.

नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथपर्यंत पोचतं ती. लाल रेषा म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीचा काठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे नवीन घर बांधता येत नाही. बाग, मोकळी जागा, वाहनतळ, स्मशान-कब्रस्तान अशा उपयोगांना नियमावलीत मुभा आहे. निळी ते लाल रेषा हे नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंच असावं लागतं. काठ ते निळी रेषा या पट्ट्यातलं जुनं, अधिकृत घर पाडून पुन्हा बांधायचं असेल तर हीच उंची आणि जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला लागतो.

इथे एक गैरसमज फार आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणूस म्हणतो, २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी बघू. हा हिशोब चुकीचा आहे. मी वर्गात हे फाशांनी शिकवते. सहा एकदा पडला म्हणून पुढच्या वेळी सहा पडणार नाही असं नसतं. लाल रेषेचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, निळ्या रेषेचा अर्थ दरवर्षी शंभरात चार. तुम्ही ३० वर्षं त्या घरात राहिलात तर लाल रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा बघण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी २५ वर्षांत ती सुमारे ६४ टक्के. म्हणजे न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता जास्त.

विचारायचं कुठे

महापालिका हद्दीत असाल तर नगररचना विभागाकडे सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा मागा. पूररेषा विकास योजनेवर दाखवलेली असेल तर तिथे दिसते. नसेल तर जलसंपदा विभागाच्या पाटबंधारे कार्यालयात विचारायचं. तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं मुख्य कार्यालय जळगावातच आहे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. अर्ज द्या, पोच घ्या, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात मागा.

आखातात असलेल्या भावानं पैसे पाठवले आणि इथल्या कोणीतरी ‘एनए आहे, सेफ आहे’ म्हणून प्लॉट घेऊन टाकला, असं मी माझ्याच नात्यात पाहिलं आहे. एनए म्हणजे जमीन बिनशेती झाली, एवढंच. ती पुराच्या बाहेर आहे असा त्याचा अर्थ नाही. सातबाऱ्यावर नाव लागणं, घरपट्टी भरणं, गुंठेवारीत अर्ज केलेला असणं, यापैकी कशानंही पूररेषेचा प्रश्न सुटत नाही. स्वस्त प्लॉट नदीकडे सरकलेला असेल तर तो स्वस्त का आहे हे आधी विचारा. आणि कागदांबरोबर त्या मोहल्ल्यातल्या एखाद्या सत्तरीच्या दादाजानला विचारा की पाणी कुठल्या भिंतीपर्यंत आलं होतं. नकाशा नसेल तिथे ही साक्ष फार मोलाची असते.

सरकारी मदत किती मिळते

पूर आला की सरकार देईल, असं आपण धरून चालतो. देतं, पण किती ते पाहा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे निकष असे : सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. पक्क्या घराचं अंशतः, म्हणजे निदान १५ टक्के नुकसान झालं तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये. घर वाहून गेलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. राज्य सरकार कधीकधी यात भर घालतं, पण तो त्या त्या वेळचा निर्णय.

आता आपल्या पुराचा स्वभाव आठवा. पाणी सहा तासांत येऊन जातं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, मुलीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेले कपडे, सगळं चिखलात. पण घर उभं आहे आणि दोन दिवस पाणी राहिलं नाही. निकषात हे नुकसान फार कमी बसतं. शिवाय पडझडीच्या मदतीसाठी घर अधिकृत असल्याचं सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित करावं, अशी अट त्याच निकषांत आहे. नदीकाठच्या कितीतरी घरांची गाडी तिथेच अडते.

घराच्या विम्यात काय मिळतं

अमेरिकेत १९६८ पासून पुरासाठी वेगळी सरकारी विमा योजना आहे आणि धोक्याच्या क्षेत्रातल्या घराला सरकारी आधार असलेलं कर्ज घ्यायचं तर पूरविमा सक्तीचा असतो. आपल्याकडे तसं नाही. पण आपल्याकडे पुराचा विमा वेगळा घ्यावाही लागत नाही. तो घराच्या साध्या विम्यातच येतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी लागू केली. घराचा आगविमा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती ठेवावी लागते. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं, दरड यांबरोबर दंगलीत झालेलं नुकसानही त्यात येतं. धुळ्यानं २००८ आणि २०१३ पाहिलं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही, घर पुन्हा बांधायला काय खर्च येईल त्यावर ठरते. जागेची किंमत त्यात धरायची नाही, कारण जागा वाहून जात नाही. समजा तुमचं घर ६०० चौरस फूट चटई क्षेत्राचं आहे आणि बांधकामाचा दर १,८०० रुपये आहे, तर रक्कम झाली १०,८०,००० रुपये. घरातल्या सामानासाठी याच्या २० टक्के, म्हणजे २,१६,००० रुपये आपोआप धरले जातात. त्यासाठी यादी द्यावी लागत नाही. या २० टक्क्यांची कमाल मर्यादा १० लाख आहे. सामान जास्त असेल तर वेगळं सांगून वाढवता येतं. पॉलिसी १० वर्षांपर्यंत एकदम काढता येते. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो, हे पुष्कळांना माहीतच नाही.

आधीच्या पॉलिसींमध्ये रक्कम कमी लावली असेल तर दाव्याचे पैसे त्याच प्रमाणात कापले जायचे. भारत गृह रक्षामध्ये तशी कपात नाही. तरी रक्कम मुद्दाम कमी सांगू नका. घर पूर्ण गेलं तर तेवढेच पैसे हातात येतील.

काय मिळत नाही तेही नीट समजून घ्या. पेटीत ठेवलेली रोकड यात येत नाही. कागदपत्रं येत नाहीत. गाडी येत नाही, तिचा विमा वेगळा. दागिने हवे असतील तर ते वेगळे नोंदवावे लागतात. वर्षानुवर्षं भिंतीत मुरलेली ओल म्हणजे पूर नव्हे. धाब्याचं जुनं घर सततच्या पावसानं खचलं तर कंपनी वाद घालू शकते, त्यामुळे माती-धाब्याचं किंवा पत्र्याचं घर असेल तर फॉर्ममध्ये तसंच लिहा आणि कंपनीचं उत्तर लेखी घ्या. नदीनं काठ खाऊन जमीन खचली तर ते नुकसानही वगळलेलं आहे. आणि सरकारी आदेशानं घर पाडलं गेलं तर विमा पैसे देत नाही. म्हणजे निषिद्ध पट्ट्यातल्या घराचा विमा काढून अतिक्रमणाची भीती जात नाही.

धुळ्यात आणि शेजारच्या मालेगावात अनेक घरांत खाली लूम आणि वर संसार असतो. घराच्या पॉलिसीत लूम, सूत, कापडाचा माल येत नाही. धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे, ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी. घरातच शिवणकाम, बेकरी, गॅरेज असेल त्यांनाही हेच लागू. चाळीसगावसारखा पूर आला की पहिलं नुकसान तळमजल्यावरच्या धंद्याचं होतं.

ज्यांनी बँकेकडून घरकर्ज घेतलं आहे त्यांच्या घराचा विमा बहुधा आधीच निघालेला असतो, फक्त त्यांना माहीत नसतं. हप्ता कर्जाच्या खात्यातून कापलेला असतो. बँकेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा. रक्कम फक्त कर्जाएवढी आहे का, सामान धरलं आहे का, मुदत संपली तर नाही ना, हे बघा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी पाणी शिरल्यावर सहा महिन्यांनी कळलं की पॉलिसी होती.

दिनी बाजू

हा प्रश्न आपल्या घरात येतोच, म्हणून टाळत नाही. ओआयसीच्या जेद्दाह इथल्या फिक्ह अकॅडमीनं १९८५ मध्ये ठराव केला की ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा जायज नाही, कारण त्यात गरर म्हणजे मोठी अनिश्चितता आहे. सहकारी तत्त्वावरचा विमा, ज्याला तकाफुल म्हणतात, तो जायज. सुदान आणि मलेशियात १९७९ ते १९८४ च्या दरम्यान तकाफुल कंपन्या सुरू झाल्या. भारतात सामान्य घरमालकाला घेता येईल अशी तकाफुल पॉलिसी बाजारात नाही. भारतातल्या परिस्थितीवर लखनौच्या नदवतुल उलमाच्या मजलिसनं १९६५ मध्ये विचार केला, पुढे १९९० च्या दशकात इस्लामिक फिक्ह अकॅडमी, इंडियानंही केला. दोन्हीकडे मजबुरी आणि जानमालाच्या धोक्याचा विचार करून गुंजाइश दिली गेली. तरीही सगळे उलमा एकमताचे नाहीत. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. तुम्ही ज्या आलिमांना मानता त्यांना तुमच्या घराची खरी परिस्थिती सांगून विचारा, आणि विचारताना हेही सांगा की हा बचतीचा किंवा व्याज मिळवायचा विमा नाही. वर्ष सुखरूप गेलं तर त्यातून काहीच परत येत नाही.

जे विमा घेणार नाहीत त्यांनी मोहल्ल्याचा बैतुलमाल किंवा पूरनिधी पावसाळ्याआधी उभा करावा. पूर आल्यावर मस्जिदीतून चंदा गोळा होतोच, आणि आपली जमात त्यात मागे नसते. पण तेव्हा देणाऱ्याच्याही घरात पाणी असतं. आणि मस्जिद-मदरशाच्या इमारतीला घराची पॉलिसी चालत नाही, ट्रस्टनं वेगळी चौकशी करावी.

घेताना आणि दावा करताना

पॉलिसी मृग लागायच्या आधी घ्या. हप्ता भरल्याशिवाय विमा सुरू होत नाही, आणि पाणी पुलाला लागल्यावर घेतलेल्या पॉलिसीवर शंका येणारच. दोन-तीन कंपन्यांचे दर लिहून घ्या. साध्या घराचा वर्षाचा हप्ता अनेकदा लोकांच्या कल्पनेपेक्षा खूपच कमी निघतो. फॉर्म स्वतः वाचा. आमच्या ओळखीतल्या एका घरी एजंटनं ‘नदी जवळ आहे का’ या प्रश्नापुढे स्वतःच ‘नाही’ लिहिलं होतं. घर नदीपासून दोन गल्ल्यांवर. असं खोटं उत्तर पुढे दावा नाकारायला पुरेसं होतं, आणि सही तुमची असते.

दरवर्षी मे महिन्यात घराचा एक व्हिडिओ काढून ठेवा, प्रत्येक खोली, कपाट उघडून. मोठ्या वस्तूंच्या बिलांचे फोटो घ्या आणि हे सगळं गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पुरात मोबाइलही जातो.

पाणी ओसरलं की आधी वायरमनकडून वीज तपासून घ्या, मग आत जा. कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. भिंतीवर पाण्याची जी खूण राहते तिचा फोटो टेप लावून घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका. आपल्या बायका चिखल बघून लगेच सफाईला लागतात, मीही लागले असते, पण फेकलेल्या गादीचे पैसे मागणं अवघड होतं. सडणारं सामान काढावंच लागलं तर आधी फोटो घ्या. तलाठी किंवा महापालिकेच्या पथकाच्या पंचनाम्यात तुमचं घर आलं आहे ना, ते स्वतः बघा आणि प्रत मागा. ती सरकारी मदतीलाही लागते, दाव्यालाही. भारत गृह रक्षामध्ये दाव्याचा फॉर्म ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

कंपनीनं दावा नाकारला किंवा फारच कमी पैसे दिले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, किंवा विमा लोकपालाकडे जाता येतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि अर्ज मराठीत लिहिलेला चालतो.